दोनदा उचललेला भंडारा

मोरजाई तालमीच्या माणसांना एक वेळ जेवण नसलं तरी चालतं, पण वाद नसला तर त्यांच्या पोटात दुखतं. २०४३ सालच्या जानेवारीत त्या सगळ्यांची तब्येत अगदी ठणठणीत होती. क्लबच्या संचालक मंडळावर तालमीचा माणूस म्हणून कुणाला बसवायचं, यावरून कोल्हापूरच्या त्या अख्ख्या पेठेत सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

पूर्वी असली भानगड नव्हती. तालमीचा संघ होता आणि अध्यक्ष म्हणेल ती पूर्व होती. मग राज्याची लीग आली, लीगच्या नियमानं प्रत्येक संघाची कंपनी झाली आणि कंपनीला पाच संचालक आले. चार बाहेरचे. पाचवी खुर्ची तालमीची. मैदानही तालमीचंच, त्यामुळे त्या पाचव्या खुर्चीची सही असल्याशिवाय मैदानावर खिळासुद्धा ठोकायचा नाही, असं जुन्या लोकांनी करारातच घालून घेतलं होतं. म्हातारी माणसं अडाणी नव्हती. दिवाळीत अध्यक्ष वारले, खुर्ची रिकामी झाली आणि तिथं नवा माणूस नेमायचं काम तालमीच्या एकवीस पंचांवर आलं. पंच म्हणजे जुने खेळाडू. त्यांच्यातलाच एक सर्जेराव साळोखे, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोची, शालनची.

रोज संध्याकाळी शालन किटली घेऊन दूधकट्ट्यावर जायची. सगळं शहर बदललं, पण म्हशी अजून वेशीत येऊन उभ्या राहत आणि गवळी समोर धार काढून देत. तिथं रांगेत उभं राहिलं की पेठेतल्या बातम्या आपोआप कानांत पडत.

"जिमवाला उदय घोरपडेच पायजे," बंडा पोवार ग्लास हातात धरून सांगत होता. बंडाही पंचांपैकीच. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि आवाज होता पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसला. "पावसात, उन्हात, प्रत्येक मॅचला पोरं घेऊन येतोय तो. आणि ती डॉक्टरीण? जल्मात कधी बॉलला पाय लावलाय काय?"

"तिच्या बापानं डोस्कं लावलंय की," मधू गवंडी म्हणाला. मधू म्हणजे जुना गोलकीपर, आता बोटं वाकडी झालेला. "इलाही मुल्लाणी नसता तर दोन हजार नऊचा कप आपल्या तालमीत दिसला असता व्हय रं? खंदक तालमीचा एकेक बॉल त्यानं डोस्क्यानं भाईर काढला. मी नुसता मागं उभा हुतो."

"इलाहीभाई देवमाणूस. त्याच्याबद्दल काय म्हननं न्हाई. पण पोरगी मैदानावर ती सटवाई आणून बसवणार, त्याचं काय? सेंटर फॉरवर्डला हेडर मारू नको म्हननार. मग काय त्यानं तिथं रांगोळी घालायची?"

कट्ट्यावर हशा पिकला. शालनलाही हसू आलं, आणि लगेच ते तिच्या तोंडावरून गेलं. कारण मोरजाईचा सेंटर फॉरवर्ड तिच्याच पोटचा होता. धैर्यशील. तेवीस वर्षांचा, आणि हवेत उडाला की बापासारखा उडणारा.

सटवाई हे नाव पेठेनं त्या यंत्राला ठेवलेलं, माणसाचं कपाळ वाचतं म्हणून. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते डॉक्टर नसीम मुल्लाणी सोडून कुणाला पाठ नव्हतं. नसीमनं ते पुण्यातल्या चार जणांबरोबर सात वर्षं खपून तयार केलं होतं. तालमीत सगळ्यांसमोर तिनं ते समजावून सांगितलं, तेव्हा शालन माडीवर बायकांमध्ये बसली होती. तिला ते चांगलं समजलं होतं, नको इतकं चांगलं.

नसीम म्हणाली होती, "आपण चालतो ते आपल्याला एकसारखं वाटतं. पण तसं नसतं. एक पाऊल किंचित लवकर पडतं, दुसरं किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असतो, आणि त्या फरकालाही एक लय असते. निरोगी मेंदू मागची शेकडो पावलं ध्यानात ठेवून पुढचं पाऊल टाकतो, म्हणून ती लय टिकते. डोक्यावर बॉल बसला की मेंदू आतल्या आत हलतो. एका हेडरनं काही होत नाही, शंभरानंही नाही. पण वीस वर्षं सराव आणि मॅचेस धरून वीस-पंचवीस हजार हेडर होतात, आणि मेंदूच्या आतले बारीक धागे झिजत जातात. धागे झिजले की पहिल्यांदा चाल बिघडते. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. वळताना अर्धं पाऊल जास्त पडतं. बोलत बोलत चालायला सांगितलं तर पाय मंदावतात. आणि विसरणं सुरू होतं ते त्यानंतर आठ-दहा वर्षांनी."

मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे लावायचे, एवढंच तिचं मागणं, आणि त्याला पाचव्या खुर्चीची सही लागत होती. यंत्र प्रत्येक खेळाडूची चाल वाचणार आणि पट्टी दाखवणार, हिरवी, पिवळी नाहीतर तांबडी. पिवळी दिसली की त्या माणसाचे हेडर बंद. तांबडी दिसली की खेळ बंद.

"आणि तांबडीला औषध काय?" कुणीतरी विचारलं होतं.

"तांबडीला अजून औषध नाही," नसीमनं सांगितलं होतं. "म्हणून तर पिवळीला धरायचं."

तिच्या वडलांची गोष्ट तिनं सांगितली नाही. गरजच नव्हती. इलाही मुल्लाणीला शेवटी शेवटी स्वतःच्या घराचं दार सापडत नव्हतं, आणि पेठेतला जो भेटेल तो त्याला हाताला धरून पोचवायचा. छप्पन्नाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मयताला खंदक तालमीची माणसंसुद्धा आली होती.

सर्जेराव आता साठीचा झाला होता. फुटबॉलवर त्याला महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी लागली आणि तीस वर्षं त्यानं पेठेचं पाणी सोडलं. पहाटे पाच म्हणजे पाच. त्याच्या हातून व्हॉल्व्हला कधी उशीर झाला नाही, आणि त्यानं शब्द दिला की तो मोडला नाही. पेठेत भांडण लागलं की लोक म्हणत, सर्जेरावला विचारा. त्याचं नाव दोनच गोष्टींवर उभं होतं, डोकं आणि शब्द. नवऱ्याची ही मिळकत शालनला सोन्याहून मोठी वाटायची.

म्हणूनच गेलं वर्षभर ती एक गोष्ट पोटात घालून बसली होती. रिटायर होऊन एक वर्ष झाल्यावर एका पहाटे सर्जेराव उठला, स्वेटर घातला, लोखंडी चावी हुडकू लागला आणि चिडून म्हणाला, "शालन, चावी कुठं ठेवलीस? पेठ तहानली असंल." तिनं त्याला चहा करून दिला. म्हणाली, आज सुट्टी आहे. तो बरं म्हणाला आणि झोपला. सकाळी त्यातलं त्याला काही आठवत नव्हतं, आणि तिनंही आठवण दिली नाही. पुढं ती त्याच्या खिशात चिठ्ठ्या ठेवू लागली, बोलता बोलता समोरच्याचं नाव घेऊ लागली. "अवो, आपले गवंडीभावजी आलेत," असं म्हटलं की त्याची अडचण व्हायची नाही. हे सगळं ती इतक्या सहज करायची की धैर्यालाही पत्ता लागला नाही. लागला असेल तर त्यानंही तो पोटात घातला असेल. साळोख्यांच्या घरात ती रीतच होती.

पंचांची बैठक रविवारी ठरली. दहा पंच उदयकडे, दहा नसीमकडे. राहिला सर्जेराव.

सोमवारी संध्याकाळी बंडा घरी आला. खिशातून पुडी काढली आणि ताटलीत मांडली. बेलाची तीन पानं, वर चिमूटभर भंडारा, मोरजाई देवीची हळद. मोरजाईत निवडणूक असो नाहीतर भावकीतला वाटा, बेलभंडारा उचलला की विषय संपला. कागदावरची सही मोडता येते, उचललेला भंडारा मोडता येत नाही, मोडला तर माणूस गल्लीतून उठला.

"सर्जादा, तुझ्याच पोराचा इषय हाय," बंडा म्हणाला. "ती बया आली तर धैर्याचं हेडर बंद करंल. तुझ्या पोराचं डोस्कं म्हंजे आपला निम्मा संघ. उचल भंडारा, उदयसाठी."

सर्जेरावनं फार विचार केला नाही. पोराला खेळताना बघायचं, यापलीकडं त्याला काही नको होतं. त्यानं बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला. "मोरजाईची आण. हात उदयसाठी वर जाईल." आणि बंडा गेल्यावर शालनला आनंदानं सांगितलं, "बंडाला शब्द देऊन टाकला. लई दिवसांचं डोक्यात हुतं, मोकळा झालो."

शालनला स्वतःला काय हवं होतं, हेच तिला कळत नव्हतं. पोराचं डोकं वाचावं असं वाटायचं, आणि पोराचा खेळ बंद व्हावा असंही वाटायचं नाही. आईचं मन काही पंचांसारखं हात वर करून मोकळं होत नाही.

गुरुवारी दुपारी मधू गवंडी आला. शालन आत पिठलं हाटत होती. बाहेरच्या खोलीतलं बोलणं कानावर येत होतं, दोघा म्हाताऱ्यांचं जुन्या मॅचेसचं. दोन हजार नऊची फायनल, इलाहीनं काढलेला कॉर्नर, त्याच बॉलवर शेवटच्या मिनिटाला सर्जेरावनं मारलेला हेडर. सर्जेरावला त्यातलं सगळं आठवत होतं, गवत कुठं ओलं होतं तेसुद्धा. मग मधूचा आवाज खाली आला.

"इलाहीचं शेवटचं बोलणं ध्यानात हाय नव्हं, सर्जा? शुद्धीवर असताना म्हनला हुता, पोरीला एकटी पाडू नका."

"हाय की," सर्जेराव म्हणाला. "हाय की गा. असं कसं विसरीन?"

शालन पदराला हात पुसत बाहेर आली तोवर उशीर झाला होता. ताटलीत बेल होता. सर्जेरावच्या कपाळावर ताजा भंडारा होता आणि डोळ्यांत पाणी होतं. "मोरजाईची आण," तो म्हणत होता, "हात नसीमसाठीच वर जाईल."

त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. तेच तिला जास्त लागलं. सोमवार त्याच्या मनातून पुसून गेला होता, आणि गुरुवारचा शब्द त्यानं सोमवारच्याइतक्याच खऱ्या मनानं दिला होता.

मधूला तिथंच थांबवता आलं असतं. भावजी, त्यांना काय आठवत न्हाई हो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते एकदा म्हटलं की संध्याकाळी दूधकट्ट्यावर पोचणार, आणि परवापासून लहान पोरंसुद्धा सर्जेराव साळोख्याला हाताला धरून घरी पोचवायला लागणार. शालन म्हणाली, "भावजी, पिठलं-भाकरी खाऊन जावा." मधू खाऊन गेला.

शनिवारी सकाळी तिनं नसीमचा दवाखाना गाठला. नसीम तिला काकी म्हणायची, लहानपणी तिच्याच दारात खेळलेली. शालननं सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं, काकी. यंत्र तयार झालं तेव्हा मी पहिल्यांदा आपल्याच जुन्या मॅचेस त्याच्यात घातल्या. दोन हजार नऊपासून चौदापर्यंतच्या. अब्बांची चाल विसरण्याच्या अकरा वर्षं आधी बिघडलीय. अकरा वर्षं, काकी. तेव्हा हे असतं तर..." ती थांबली. "आणि दुसरी चाल काकांची. चौदा सालच्या शेवटच्या मॅचला पिवळी, तांबडीच्या अगदी काठावर. खेळ सुटला म्हणून एवढी वर्षं निघाली. परवा ते बँकेसमोरून जाताना मी पाहिलं, वळताना त्यांचं पाऊल अडतं. मी त्यांना मागच्या वर्षी म्हटलं होतं, एकदा दाखवून घ्या. म्हणाले, माझी चाल मला ठाऊक आहे. पेशंट नाही म्हणाला की माझं तोंड बंद."

"उद्या काय हुईल?"

"उद्या दोन्हीकडचे लोक उठून त्यांना खोटारडा म्हणतील. ते विसरलेत असं मी सांगितलं तर त्यांचा शब्द वाचेल, आणि मी निवडून येईन." नसीम हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "त्यांच्या आजारावर मला ती खुर्ची नको."

रविवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुस्तीचा लाल मातीचा हौदा मधे, त्याच्याभोवती एकवीस पंच, मागं भिंतीपर्यंत माणसं आणि माडीवर बायका. खिडक्यांत पोरं चढून बसली होती. धैर्या दारात उभा होता, संघाची निळी-पिवळी जर्सी घालून, आणि लोक त्याच्याकडं बघून आपापसात कुजबुजत होते.

हात वर करायची वेळ आली तसा बंडा उठला. त्याला कशासाठीच दम धरवत नसे. "हात कशाला मोजायचे? सर्जादानं उदयसाठी भंडारा उचललाय. अकरा झाले. विषय संपला."

"कुणी उचललाय?" मधू ताडकन उभा राहिला. "सर्जानं नसीमसाठी उचललाय. माझ्यासमोर. गुरुवारी."

"सोमवारी, माझ्यासमोर!"

मग जे व्हायचं ते झालं. सगळे एकदम बोलू लागले. दोन्हीकडं शब्द देतोय म्हंजे काय. देवीच्या नावानं खेळ करतोय. साठ वर्षांचा माणूस आणि ही वागणूक. कुणीतरी मागून "डबल ढोलकी" म्हणालं, आणि माडीवर शालननं डोळे मिटून घेतले. ज्या माणसाच्या व्हॉल्व्हवर लोकांनी घड्याळं लावली, त्याला त्याच्याच तालमीत हे ऐकावं लागत होतं. धैर्या दारातून पुढं सरकला, बापाला काही बोलेल त्याचं तोंड फोडायला. सर्जेराव मात्र जागेवर उभा राहून बंडाकडं आणि मधूकडं बघत होता. खोटं कोण बोलतोय, हे तो त्यांच्या तोंडांवर हुडकत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं.

नसीम उठली. "मी माझं नाव मागं घेते," ती म्हणाली. "काकांना कुणी काही बोलू नका. उदयभाऊंना करा संचालक."

भांडायला उठलेले खाली बसले. मिळत आलेली खुर्ची अशी कुणी सोडत नाही, हे पेठेला ठाऊक होतं. सर्जेरावलाही ठाऊक होतं. तो नसीमकडं बघत राहिला, आणि मग त्यानं मान वर करून माडीकडं पाहिलं.

"शालन. तू घरात हुतीस. सांग, मी शब्द कुणाला दिला?"

कुणीच तिला असं कधी विचारलं नव्हतं. एका शब्दात बंडा खोटा ठरला असता, नाहीतर मधू. दोघंही खोटे नव्हते. तिसरं उत्तर दिलं की नवरा खोटा ठरत नव्हता, पण तो उद्यापासून वेगळाच कुणीतरी होणार होता. तिनं खाली दारात उभ्या असलेल्या धैर्याकडं पाहिलं. जर्सीच्या बाहेर आलेली त्याची मान, कपाळावरची जुनी खोक.

"दोघांनाबी दिला तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सोमवारी बंडाभावजींना, गुरुवारी मधूभावजींना. गुरुवारी सोमवार तुमच्या ध्यानात नव्हता. वरीस झालं, अवो. मीच कुणाला सांगितलं न्हाई."

सर्जेरावनं आपल्या उजव्या हाताची बोटं पाहिली. नखांच्या कडेला भंडारा अजून पिवळा होता.

"पोरी," तो नसीमला म्हणाला, "तुझं यंत्र काय बघतंय? चाल? मग आज तुझ्या डोळ्यांनी बघ. सगळ्यांनी बघा."

"काका, नको."

"त्या दिवशी काय म्हनलीस तू? बोलत बोलत चालायचं. बघू." त्यानं चपला काढल्या आणि तो हौद्याच्या लाल मातीत उतरला. "दोन हजार नऊची टीम म्हनतो. सगळ्यांच्या तोंडपाठ हाय. चुकलो तर धरा."

तो एका भिंतीपासून चालू लागला. "गोलात मधू गवंडी. उजव्या बाजूला शिवा जांभळे. डाव्या बाजूला बापू कळके." पावलं नीट पडत होती. हौद्याच्या टोकाला तो वळला आणि सगळ्यांनी ते पाहिलं, तिथं एक पाऊल जास्त पडलं. "मधल्या फळीत सुभाष, दिग्या, छोटा रफिक." पाय मंदावले. "विंगला सदा आणि पप्पू वडणगे. पुढं मी आणि भैरू." हौद्याच्या मधोमध तो थांबला. "दहा झाले," तो म्हणाला. "थांबा. सांगतो. एक ऱ्हायला."

तालमीत सगळ्यांच्या ओठांवर ते नाव होतं. खिडकीतल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. कुणी ते उच्चारलं नाही.

"स्टॉपरला कोण होतं, काका?" नसीमनं हळू आवाजात विचारलं.

सर्जेरावनं तिच्याकडं पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "उंच हुता," तो म्हणाला. "लई चांगला माणूस हुता गा. माझ्या घरात जेवायचा." आणि मग त्याला हुंदका आला. "नाव येईना."

नसीमनं ओढणी तोंडावर धरली. बंडा पोवार हौद्यात उतरला, सर्जेरावला त्यानं मिठी मारली आणि म्हणाला, "इलाही, सर्जादा. आपला इलाही." आणि तिथंच, मातीत उभं राहून, त्यानं नसीमसाठी हात वर केला. त्यानंतर मोजायची गरज राहिली नाही.

घरी गेल्यावर सर्जेरावनं पहिल्यांदा देव्हाऱ्यापुढची भंडाऱ्याची वाटी घेतली आणि धैर्याला समोर बसवलं. "माझ्या ध्यानात हाय तोवर उचल," तो म्हणाला. "बॉलला डोकं लावणार न्हाई. मोरजाईची आण घे." धैर्यानं बेल उचलला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यानं शब्द दिला. शालन भिंतीला टेकून बघत होती. तिला वाटलं, एवढं तरी हाताला लागलं.

जूनमध्ये चार कॅमेरे लागले. धैर्याची पट्टी पिवळी आली. नसीम म्हणाली, वेळेवर कळलं, आता जपलं तर बहुतेक इथंच थांबेल. मोरजाईनं त्याला मधून काढून विंगला टाकलं, आणि तो पायानं खेळू लागला. निम्मा संघ गेला म्हणणारी माणसं गप्प बसून बघत होती, आणि पुढं खंदकवाल्यांनीही कॅमेरे मागितले.

सर्जेराव मात्र घसरणीला लागला. वर्षभरात तो शेजारपाजार विसरला, पाणीखातं विसरला. फुटबॉल विसरला नाही.

पुढच्या जानेवारीत खंदकाविरुद्धची मॅच होती. शालन त्याला हाताला धरून गॅलरीत घेऊन बसली. ऐंशी मिनिटं झाली, एक-एक. उजवीकडून उंच बॉल आला, सरळ धैर्याच्या कपाळावर. गोल मोकळा होता. धैर्यानं मान बाजूला घेतली आणि बॉल त्याच्या कानाजवळून बाहेर गेला.

सर्जेराव उभा राहिला. "डोकं घाल की रं!" त्याची शीर तट्ट फुगली होती. "भ्याला! साळोख्याचं पोरगं बॉलला भ्यालं!"

हजारो माणसं होती. त्या गॅलरीत शिव्या देण्यात कुणी कुणाला हार जात नाही. पण त्या दिवशी एकानंही तोंड उघडलं नाही. खंदकाच्या बाजूलासुद्धा ढोल थांबला. धैर्यानं लांबून गॅलरीकडं पाहिलं आणि माझं चुकलं अशा अर्थानं एक हात वर केला.

मॅच सुटल्यावर तो बाहेरच्या फाटकाशी आला. बापानं त्याच्याकडं पाठ केली. "माझ्याशी बोलू नको. तुझ्या वयात मी असला बॉल सोडला असता तर घरात घेतलं नसतं."

"चुकलं आबा," धैर्या म्हणाला. "पुढच्या रविवारी घालतो."

"शब्द दे."

"दिला."

"असा न्हाई." सर्जेरावनं खिशातून कागदाची पुडी काढली. हल्ली ती नेहमी त्याच्याजवळ असायची, कशासाठी ते त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं ती उघडली. "भंडारा उचल. पुढच्या रविवारी डोकं घालणार. मोरजाईची आण."

धैर्यानं आईकडं पाहिलं. शालनला कळलं की तो काय विचारतोय. पहिली आण त्याच माणसानं घ्यायला लावली होती, आणि ती खरी होती. ही दुसरी खोटी घ्यायची होती, देवीच्या नावानं, बापाच्या समोर, आणि पुढच्या रविवारी ती कुणालाच आठवणार नव्हती, धैर्याला सोडून. तिनं मान हलवली. देवी आईच आहे, तिला समजेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

धैर्यानं भंडारा उचलला आणि कपाळाला लावला, जुन्या खोकेवर. "मोरजाईची आण, आबा. डोकं घालणार."

सर्जेरावचा सगळा राग गेला. त्यानं पोराच्या पाठीवर जोरात थाप मारली. "झालं तर मग. शब्द म्हंजे शब्द," तो म्हणाला आणि घराकडं निघाला. दहा पावलांवर रस्ता फुटत होता. घर उजवीकडं होतं आणि तो डावीकडं वळला. धैर्या मागून गेला, काही न बोलता त्याचा पिवळा झालेला हात हातात घेतला आणि त्याला उजवीकडं वळवलं.